परत केलेले ताट

दर डिसेंबरात आमच्या महाविद्यालयात निबंधस्पर्धा होते. गेल्या खेपेस विषय होता 'धर्मापलीकडची माणुसकी', आणि नाताळ तोंडावर आलेला असल्याने बहुतेक मुलामुलींनी तो शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबावर बेतला. परीक्षणाचे काम मराठी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, येणे ओघानेच आले. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण अशा ठिकाणांहून येणारी ही मुले. कोणाचे वडील कारखान्यात, कोणाची आई पॅकिंगच्या कामाला. प्रत्येकाचे घर निराळे, निबंध मात्र सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे. दिवाळीत आम्ही त्यांना फराळ दिला, नाताळला त्यांनी आम्हाला केक दिला. आजोबा आजारी पडले तेव्हा शेजारचे काका रात्री रिक्षा घेऊन आले. आणि मग ठरलेला समारोप: त्या क्षणी आम्ही सारे आपापला धर्म विसरलो आणि फक्त माणूस उरलो.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हा साचा आपणच त्यांच्या हाती दिला आहे. पाठ्यपुस्तकांतले उतारे, वर्तमानपत्रांच्या २५ डिसेंबरच्या पुरवण्या, गॅदरिंगमधली आपली भाषणे, आणि आपले तासही, या सगळ्यांनी वर्षानुवर्षे दोन गोष्टी शिकवल्या. एक, शेजाऱ्याशी चांगले वागायचे तर आधी धर्म विसरावा लागतो. दुसरी, चांगले वागणे म्हणजे काहीतरी देणे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असे माझे म्हणणे आहे. शेजारी कोण आहे हे पुरते ठाऊक असताना, ते यत्किंचितही न विसरता, त्याच्या हातचे घेता येते का, ही शेजारधर्माची कसोटी आहे. देणे त्या मानाने सोपे. देणाऱ्याचा हात वर असतो. घेताना तो खाली आणावा लागतो, आणि आपल्या उदारमतवादाची परीक्षा तिथे होते. या परीक्षेत माझे स्वतःचे घर नापास झालेले मी पाहिले आहे, म्हणून हा लेख.

माझे बालपण चिंचवड स्टेशनाजवळच्या एका चाळीत गेले. १९८७-८८ पासूनचे मला नीट आठवते. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कुटुंब नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती. काका माझ्या वडिलांच्याच कारखान्यात, त्याच खात्यात. काकूंचे मराठी आमच्यापेक्षा नेटके होते. रोजच्या बायबलवाचनाने त्याला एक घोटीवपणा आला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. दिवाळीत आई त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठवी, वर तिने विणलेला रुमाल. नाताळात त्यांच्याकडून ताट येई. मराठी ख्रिस्ती घरांची ज्यांना माहिती नाही त्यांना नाताळ म्हणजे केक वाटतो. नगरकडच्या घरांत नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी झालेले सारे तेच. केकचा एखादा तुकडा असलाच तर बेकरीतला, तोही मुलांच्या हट्टाखातर.

ताट घेऊन काकू स्वतः येत. आई दोन्ही हातांनी ते घेई, "कशाला एवढा त्रास घेतलात हो वहिनी" म्हणे, त्यांना बसवून चहा करी. चहाची कपबशी वेगळी नव्हती, हे आईच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. काकू गेल्या, दार लागले, की तो सगळा फराळ वर्तमानपत्रात बांधला जाई आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती पडे. ताट घासूनपुसून, रिकामे परत देऊ नये म्हणून त्यात वाटीभर साखर घालून, तिसऱ्या दिवशी परत जाई. "लाडू फार सुरेख झाले होते," असे आई न चुकता सांगे. रीतीत कुठेही खोट नव्हती.

आमच्या घरी मटण शिजत होते. तेव्हा प्रश्न शाकाहाराचा नव्हता, आणि करंजीत अंडे नसतेच. एकदा त्या पुडीतली करंजी मी चोरून खाल्ली. सुके खोबरे, खसखस, वेलदोडा. आमच्याच करंजीची चव. नऊ-दहा वर्षांच्या मला एवढेच उमगले की भेद करंजीत नाही. तो कशात आहे हे उमगायला एम.ए. व्हावे लागले. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे, आणि त्या प्रदेशातले पुष्कळसे लोक ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग समाजांतून. चाळीत हे कोणी उच्चारीत नसे, ठाऊक मात्र सगळ्यांना होते. आई ज्याला 'त्यांचा धर्म वेगळा' म्हणे, तो वेगळेपणा त्यांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधीचा होता. नाव धर्माचे होते. नाकारली जात होती ती जात. आमच्या निबंधस्पर्धेच्या विषयात 'धर्मापलीकडे' हा शब्द आहे, आणि धर्मापलीकडे गेल्यावर तिथे थेट माणुसकीच भेटेल असे आपण गृहीत धरले आहे. आमच्या चाळीत धर्मापलीकडे जात उभी होती.

आईविषयी हे लिहिताना हात अडखळतो. ती दुष्ट नव्हती. काकूंच्या धाकट्या मुलाला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तिने रोज त्याच्यासाठी मुगाचे कढण करून पाठवले. देण्यात ती कधी कमी पडली नाही. निबंध लिहायचा तर या कढणावर उत्तम निबंध होईल, आणि त्याला बक्षीसही मिळेल. वर्तमानपत्राच्या पुडीवर कोणी निबंध लिहीत नाही.

त्याच घरात आणखी एक व्यवहार चालू होता. पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी तो थोडा उलगडून सांगावा लागेल. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची सुरुवात झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता देहू आणि आळंदी यांच्या मधल्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. या गावाचे खरे पंचांग पाळ्यांचे आहे: पहिली, दुसरी, तिसरी. साप्ताहिक सुट्टीही येथे अनेक कारखान्यांत रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमले गेले, त्यातून ही रीत पडली. हिंदू कामगाराला गुरुवार गैरसोयीचा वाटत नाही. दत्ताचा वार, उपासालाही बरा. ख्रिस्ती कामगाराच्या उपासनेचा वार मात्र भर कामाचा वार होऊन बसतो. मुसलमान कामगाराच्या शुक्रवारच्या नमाजाचेही तेच.

यातून पाळ्या बदलून घेण्याची पद्धत आली. नाताळच्या आदल्या रात्रीची तिसरी पाळी काकांची लागली, तर ती माझे वडील करीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची दुसरी पाळी वडिलांची लागली, तर ती काका करीत. खात्यातल्या एका मुसलमान सहकाऱ्याची रमजान ईद हे दोघे मिळून सांभाळीत. यात धर्म विसरणे कुठे आले? उलट कोणाचा सण कोणता, तो कोणत्या तारखेला, त्या माणसाला किती वाजता घरी पोचले पाहिजे, हे सगळे नेमके लक्षात ठेवल्याखेरीज अशी देवघेव चालणारच नाही. आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २४ डिसेंबरभोवती पेन्सिलीने गोल काढलेला असे. ज्या माणसाने आयुष्यात 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द उच्चारला नाही, त्याने दुसऱ्याच्या धर्माची तारीख स्वतःच्या पंचांगात घातली होती. आणि त्याहून महत्त्वाचे, लक्ष्मीपूजनाला त्याने त्याच दुसऱ्याचे उपकार बिनतक्रार घेतले होते. हिशेब फिटला असे दोघांपैकी कोणी कधी म्हटले नाही. तो फिटत नव्हता म्हणून शेजार टिकला.

दुपारच्या सुट्टीत वडील काकांच्या डब्यातले खातही असत. आईला हे ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. पण म्हणून वडिलांना थोर ठरवण्याची घाई नको. पुरुषाने बाहेर डबा वाटून खायचा आणि दाराशी आलेले ताट अडवण्याचे काम बाईवर सोपवायचे, ही आपल्याकडची जुनी कामवाटणी आहे. घराचे सोवळे राखण्याची नोकरी आईची होती, आणि वडिलांचा मोकळेपणा तिच्या जिवावर चालला होता. ते एकदा जरी म्हणाले असते, 'आण ती करंजी इकडे', तर पुढचे सगळे बदलले असते. ते म्हणाले नाहीत.

ही कामवाटणी मराठीच्या विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. 'स्मृतिचित्रे' आपण नेमतो, शिकवतो. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनातून आपण काय शिकवतो? प्रांजळपणा, सहज बोली, प्रसन्न विनोद. लक्ष्मीबाईंची विनोददृष्टी हा प्रश्न परीक्षेत ठरलेला. पण त्या पुस्तकाच्या पोटात स्वयंपाकघराची आणि पाण्याच्या भांड्याची एक लांबच लांब गोष्ट आहे. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या वडिलांची ही मुलगी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परत राहायला गेल्या तेव्हाही त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळेच होते. ते वेगळेपण एका रात्रीत गळून पडले नाही. चुका करीत, घाबरत, स्वतःशी वाद घालीत त्यांनी ते सोडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला याची आपण तारीख पाठ करतो. पण कोणत्या देवाला मानावे या प्रश्नाइतकाच कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न त्यांना किती जड गेला, हे आपण विनोदाखाली झाकतो. लक्ष्मीबाईंनी जे केले ते घेण्याचे शिक्षण होते. मराठी गद्यात त्याची इतकी खरी नोंद मला दुसरीकडे आढळलेली नाही.

आणखी एक उदाहरण याच घरातले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे नगरला या ख्रिस्ती दांपत्याच्या घरी मुलासारखे राहिले. बालकवींची निसर्गकविता आपण तास तास शिकवतो आणि हा तपशील चरित्राच्या एका ओळीत उरकतो. शेजारधर्माच्या निबंधांत ही गोष्ट कधीच येत नाही, कारण इथे देणारे ख्रिस्ती आहेत आणि घेणारा हिंदू. आपल्या गोष्टींत पात्रांच्या जागा ठरलेल्या असतात.

भाषेच्या आणि अभ्यासक्रमाच्या व्यवहारात तरी निराळे काय आहे? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. त्यातले मराठीचे कौतुक मराठी भाषा दिनाच्या फलकांवर दरसाल झळकते. त्या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. कौतुकाच्या चारदोन सोडल्यास उरलेल्यांपैकी किती आपण वाचल्या? प्रशस्तिपत्र घेतले, पुस्तक घेतले नाही. दुसऱ्या टोकाला, ज्या गोष्टी खरोखर घेतल्या त्यांचे ऋण मानले नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. शब्द अडला की आपण आजही तिकडे वळतो. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर कँडी यांच्याकडे जाते. 'ख्रिस्ती साहित्याचे मराठीला योगदान काय' असे खोचक विचारणारा गृहस्थही शेवटी कँडींचेच प्रश्नचिन्ह वापरतो. १८४२ चे 'ज्ञानोदय', १८५७ चे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' हे सारे आपण इतिहासात सांगतो, पण 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या वेगळ्या ताटात वाढून. पाहुण्याचे ताट वेगळे असते. घरच्या माणसाचे नसते.

२०१९ मध्ये हे अधिक उघड झाले. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, होणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईचा हा माणूस 'सुवार्ता' मासिकाचा अनेक वर्षे संपादक, वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीत सर्वधर्मीय गावकऱ्यांबरोबर उभा राहिलेला, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेला. तरी धर्मगुरू अध्यक्ष कसा, ख्रिस्ती माणूस अध्यक्ष कसा, असे म्हणत काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये फादरांनी अध्यक्षपद भूषवले. विरोधकांविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. त्यांचे म्हणणे स्पष्टच होते. मला टोचला तो समर्थन करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा सूर. मराठी साहित्यविश्वाने एका ख्रिस्ती लेखकाला हा मान दिला, पाहा आपली परंपरा किती सहिष्णू, असा तो सूर होता. दिला! म्हणजे यजमान आपणच. या लेखकाने मराठीला काय दिले आणि आपण त्यातले काय घेतले, याची चर्चा जवळपास झालीच नाही. जुलै २०२४ मध्ये फादर गेले तेव्हाच्या श्रद्धांजल्यांतही हाच सूर होता. आपल्याच भाषेत आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला आपण पाहुणा म्हणून निरोप दिला.

आता आक्षेपांकडे वळू. ते खरे आहेत आणि त्यांना बगल देण्याची माझी इच्छा नाही.

पहिला आक्षेप धर्मांतराचा. मिशनरींची सेवा निर्हेतुक नव्हती, असे म्हटले जाते, आणि ते बरेचसे खरे आहे. 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःखाची कादंबरी आहे तशीच ती ख्रिस्ती मताची मांडणीही आहे. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले ते याच प्रश्नावरून. हा इतिहास शिकवलाच पाहिजे. पण त्या इतिहासाची दुसरी बाजूही शिकवावी. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गावेच्या गावे बाटली, अशा कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. या कथांत तुकडा टाकणाऱ्याचा कावा रंगवून सांगितला जातो. पण तुकडा पडल्यावर त्या विहिरीचे पाणी प्यालेल्या माणसांना कालपर्यंतच्या शेजाऱ्यांनी परत का घेतले नाही, हे कोणी विचारत नाही. पावाच्या तुकड्यात एवढी शक्ती नसते. ती शक्ती परत न घेणाऱ्यांच्या हातात होती. काकूंच्या ताटात तर कसले पत्रकही नव्हते.

दुसरा आक्षेप खाण्यापिण्याचा. माझा शाकाहार, माझा उपास, माझी माळ. शेजारधर्मासाठी मी ते सोडावे काय? मुळीच नाही. 'वहिनी, आमच्याकडे अंडे चालत नाही' असे तोंडावर सांगणे हा शेजाराचाच भाग आहे. पुढच्या वर्षी वहिनी बिनअंड्याचे काही करतील, किंवा नुसत्या गप्पा मारायला येतील. उघड नकारात समोरच्याचा मान राहतो. दोन्ही हातांनी घेऊन, गोड बोलून, दाराआड पुडी बांधण्यात तो राहत नाही. मी मागते आहे तो खरेपणा, पोटात काय जावे यावरची सक्ती नव्हे.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ताटे आणि करंज्या यांनी काय होणार? खरा प्रश्न हक्कांचा आहे. मान्य. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्यांना झाला नाही. म्हणजे कायदा काकूंना सांगतो की तुमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच जात संपली. आणि आमच्या घरातली वर्तमानपत्राची पुडी त्यांना दर नाताळला सांगत होती की जात अजिबात संपलेली नाही. कायदा आणि चाळ यांपैकी एकाचे तरी म्हणणे चूक असले पाहिजे. हे ताटापाशी दिसते, म्हणून ताट क्षुल्लक नाही. स्वयंपाकघर हा पुरावा आहे.

या आक्षेपातला आणखी एक खरा भाग आजच्या चाकणला जाऊन पाहावा. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तिथे मोटारींचे मोठे कारखाने आले. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथल्या खोल्यांत मराठवाड्यातली, बिहारची, ओडिशाची, झारखंडची मुले दाटीवाटीने राहतात. त्यांत ख्रिस्ती आदिवासीही असतात. त्यांच्यात वडिलांसारखी पाळी बदलून घेता येत नाही. कंत्राटी कामगाराची पाळी त्याच्या मालकीची नसते. ती ठेकेदाराची असते, आणि खाडा झाला की दिवसाची मजुरी गेली. दुसऱ्यासाठी पाळी घ्यायची तर आधी स्वतःची नोकरी कायम लागते आणि शेजारी पुढच्या वर्षीही तिथेच असावा लागतो. वडिलांच्या आणि काकांच्या स्नेहामागे कायम कामगाराची हजेरी होती, युनियन होती, सतरा वर्षे न बदललेली भिंत होती. या गोष्टी काढून घ्यायच्या आणि मग सोसायटीच्या दारात डिसेंबरभर तारे लावून, खोली भाड्याने देताना आडनाव विचारून, माणुसकी कुठे गेली म्हणून हळहळायचे, हे ढोंग आहे.

वडील गेले तेव्हा काकू भेटायला आल्या. चाळ केव्हाच पडली होती, दोन्ही घरे लांब गेली होती. बोलता बोलता मी धीर करून ताटाचा विषय काढला. मला वाटले होते की मी काहीतरी कबूल करते आहे.

"अगं, मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "मावशी आमच्याकडेही भांडी घासत होत्या ना. त्यांच्या पोरांनी खाल्लं, वाया नाही गेलं."

"मग तरी दरवर्षी पाठवत राहिलात?"

"तुझ्या बाबांनी किती नाताळ आमच्या घरात आणले, ते मोजायचं की तुझ्या आईनं काय टाकलं ते? शिवाय ताट थांबवलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. लाज वाटली असती तिला."

या वाक्याभोवती सुंदर निबंध उभा करता येईल. मी तो करणार नाही. ज्यांचे अन्न नाकारले गेले त्यांनीच नाकारणाऱ्याची लाज राखली, हा आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवण्यासारखा प्रसंग नाही. ती काकूंची थोरवी आहे, आणि आमच्यावरचे कर्ज. थोरवीची अपेक्षा नेहमी एकाच बाजूकडून केली जाते, तेव्हा त्या शेजाराला सलोखा म्हणणे चूक आहे.

शेवटी पुन्हा निबंधस्पर्धेकडे. त्या गठ्ठ्यात एक निबंध वेगळा होता. भोसरीच्या एका मुलीने जेमतेम दीड पान लिहिले होते. शेजारच्यांकडून केक येतो, आजी तो खाऊ देत नाही, आम्ही तो बाहेर देऊन टाकतो, आणि मला हे त्यांना सांगायची लाज वाटते, एवढेच. धर्म विसरल्याचा समारोप नव्हता, माणुसकीचा विजय नव्हता. मी शेरा लिहिला होता: 'विषयाची मांडणी अपुरी, समारोप नाही.' पन्नासपैकी एकोणीस गुण.

यंदा विषय ठरवण्याच्या बैठकीत मी 'शेजाऱ्याकडून आम्ही काय घेतले' हा विषय सुचवणार आहे. तो मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. त्या मुलीला मात्र गाठून, तिचे गुण मी चुकीचे दिले होते, एवढे मला सांगायचे आहे.